माळ्यावरचा कंदील

कशेळे,
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

सगळ्यांच्या आधी आली ती चिंधी, आणि तीही डोक्यावर भांबुर्ड्याच्या पाल्याचा एवढा मोठा भारा घेऊन. मी म्हटलं, "अगं, एका मडक्याची पोपटी हाय, सगळ्या कर्जतची नाय." तर म्हणते कशी, "सोनाबाय, पाला कमी पडला तर तूच वरडशील." डोंगरावरच्या वाडीतून चालत आली बिचारी, घोटभर पाणी प्यायली आणि लगेच वालाच्या शेंगा निवडायला बसली. तिच्या मागून लडकू, हात रिकामे पण तोंड चालू. मग धाकलूअण्णा काठी टेकत. सगळ्यात शेवटी तुझे बाबा, तेही एकटे. आरोही, माझे बाय, मी तुझ्यासाठी रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले गं. बाबा म्हणाले, "आये, तिचं बारावीचं वर्ष हाय. रात्री जागून अभ्यास करते पोर."

मग मी ठरवलं, नात येत नाही तर आपलं पत्र तरी जाऊ दे. तुझा मोबाइल आईने कपाटात ठेवलाय म्हणे. आणि मला शेजारच्यांच्या फोनवर बोलायचं तर इतकं ओरडावं लागतं की मी काय जेवले ते अख्ख्या आळीला कळतं. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी आम्हा म्हाताऱ्यांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, त्यांचे उपकार. हे पत्र मनोज त्याच्या भाजीच्या टेंपोतून खालापूरला आणून देईल.

पोपटीची गंमत ऐक. मडक्यात पाला, शेंगा, ओवा, मीठ, अंडी, सगळं रचून, तोंड पाल्याने गच्च दाबून मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. पण लडकूला दम निघेल तर ना! "झाली असंल, उघडा." अण्णा म्हणाले, "पाणी शिंपडून बघ रं आधी." तो कुठला ऐकतोय, काठीने मडकं आडवं केलंच त्याने. अर्ध्या शेंगा कच्च्या! एकदा तोंड उघडल्यावर आतली वाफ गेली, मग काय करणार? चिंधीने उरलेला पाला त्याच्या पाठीत हाणला.

खाता खाता अण्णांनी तुझं नाव काढलं. "पोर बापावर गेली. सहदेव वालाच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर असायचा ना, तवा मी पहाटे उठून बघावं तर वर कंदील जळतोच हाय. रातभर अभ्यास! असा पोरगा गावात परत झाला नाय." सगळे तुझ्या बाबांकडे बघायला लागले. ते मान खाली घालून शेंग सोलत होते. मी आपला पदर तोंडाला लावला आणि विस्तवाकडे तोंड फिरवलं.

शिजलेल्या शेंगा तुला वेगळ्या बांधून दिल्यात. गरम करून खा.

तुझी आजी


खालापूर,
१४ डिसेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला आजवर कोणी पत्रच लिहिलं नव्हतं. मनोजकाकांनी पिशवी दिली, शेंगा गरम करून खाल्ल्या, आईलाही दिल्या.

अण्णांचं बोलणं ऐकून तू पदर तोंडाला लावलास, ते वाचून मलाही रडू आलं. बाबांचं तुला किती कौतुक आहे ते कळलं. आजी, तुला माहीत नसेल, बाबांनी तो माळ्यावरचा कंदील गावाहून आणून माझ्या टेबलावर खिळ्याला टांगलाय. घासून लख्ख केलाय. मी जांभई दिली की ते नुसते कंदिलाकडे बघतात. मग मी उठून तोंड धुते.

मीही आता जागायला शिकलेय. दोन वाजेपर्यंत बसते, कधी तीन. पहाटे साडेपाचला परत उठते. आमच्या छाया मॅडम वर्गात म्हणाल्या की तुमच्या वयाला आठ तासांच्या आसपास झोप लागते, दिवसा वाचलेलं डोकं झोपेत लावून ठेवतं. पण त्यांचं काय, त्यांना सगळ्याच मुलींना सांगावं लागतं. मला नर्सिंगला जायचंय, मला आठ तास परवडणार नाहीत. माझ्या वर्गातली मैत्रीण रिया झोपते मस्त दहा वाजता. मी तिला हसते.

बाबा त्या वयात झोपायचे तरी कधी? त्यांना झोप यायचीच नाही का?

मनोजकाकांनी पिशवी दिली, शेंगा गरम करून खाल्ल्या. आईलाही दिल्या.

सगळं छान चाललंय. काळजी करू नकोस.

तुझी आरोही


कशेळे,
नाताळच्या सुट्टीतला रविवार

माझे बाय,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात नाचणीचे लाडू वळत होते. तसेच पिठाचे हात घेऊन वाचायला बसले, म्हणून कागदाला डाग पडलेत. चिंधीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझी नात शेंगा दोनदा खाते काय गं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एकच गोष्ट तू दोनदा लिहिलीस. असं मी करते, माझं वय झालं. तू का करतेस?

त्यात मनोज येऊन सांगतो, "आजी, तुमची आरोही खालापूरच्या स्टॉपवर खांबाला धरून उभी होती. एसटी आली, माणसं चढली, एसटी गेली, पोरीला पत्ता नाय. मी हॉर्न वाजवला तवा दचकून म्हणते, काका, गाडी आली का?"

मला वाटलं दृष्ट लागली. अण्णा कौतुक करतात ना सारखे, त्यांचीच लागली असेल, मनाने चांगले आहेत पण नजर जड. मी दारात उभी राहून खालापूरच्या दिशेने मीठमिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या. मिरच्यांचा वास मेला जराही आला नाही, चिंधी म्हणाली एवढ्या लांबून उतरायला दृष्ट म्हणजे काय टीव्हीवरचं चित्र हाय? आम्ही दोघी हसलो. पण रात्रीपर्यंत जिवाला चैन पडेना.

मनोजबरोबर लाडू पाठवलेत. हे खाऊन झालं की आजीला खरं लिही. बाबांना नको सांगूस, आईला नको, पण मला सांग. मी लांब आहे, मी रागावले तरी ऐकू येणार नाही.

तुझी आजी


खालापूर,
३ जानेवारी

प्रिय आजी,

लाडू खाल्ले. आता खरं लिहिते.

प्रिलिममध्ये केमिस्ट्रीचा पेपर हातात घेतला. सगळं मला येत होतं, आजी, खरंच येत होतं. आदल्या रात्री मी पाठ म्हणून दाखवलं होतं. पण प्रश्न वाचायचे आणि शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचे. एकच उत्तर दोन ठिकाणी लिहिलं. मॅडमनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की माझा डोळा लागला होता. घरी येताना रस्त्यात एकेक उत्तर आठवत गेलं, आपोआप. मी रस्त्यातच रडले.

मार्क अजून बाबांना दाखवले नाहीत. ते दाखवण्यासारखे नाहीत.

मी ठरवलंय. फेब्रुवारीच्या परीक्षेला बसायचं नाही. पुढच्या वर्षी बघू, नाहीतर नाही. बाबांना रात्र रात्र जागून सगळं लक्षात राहायचं, माझं डोकं तसलं नाही. मला आता तो कंदील बघवत नाही. परवा मी त्याच्यावर ओढणी टाकली, तर बाबांनी ती काढून घडी करून ठेवली.

तू यांतलं कुणाला सांगू नकोस. तुला सांगितलं म्हणून बरं वाटतंय.

आरोही


कशेळे,
मंगळवार, पत्र मिळालं तोच दिवस

बाय,

आज गप्पा नाहीत. चिंधी बाहेर बसलीये, तिलाही म्हटलं थांब जरा.

तुझे बाबा माळ्यावर झोपायचे.

परत वाच हवं तर. झोपायचे. असे झोपायचे की खालून हाक मारून उपयोग नाही, शिडी चढून पाय ओढावा लागायचा. तो कंदील अभ्यासाचा नव्हताच गं. तो डुकरांसाठी होता. वालाला शेंगा धरल्या की रानडुकरं उतरतात, उजेड दिसला की बिचकतात, म्हणून तुझे आजोबा संध्याकाळी कंदिलात तेल भरून माळ्याच्या खांबाला टांगून यायचे, पहाटेपर्यंत जळेल असा. सहदेवने वर बसून मधून मधून डबा वाजवायचा, एवढंच काम. तेही होईना! एकदा सकाळी आम्ही गेलो तर वर कंदील जळतोय, खाली जमीन नांगरल्यासारखी, माळ्याखालचाच वाल डुकरांनी फस्त केलेला, आणि तुझे बाबा पुस्तक तोंडावर पालथं घालून घोरतायत. आजोबांनी पाय धरून हलवलं तर म्हणतात, "गेली का डुकरं?"

आता लोकांना काय दिसायचं? लांबून नुसता कंदील. गुरुजींचं घर पलीकडच्या बांधाला. त्यांनी शाळेत सगळ्यांसमोर सहदेवची पाठ थोपटली, की बघा, हा रात्रभर वाचतो. पोरगा घरी आला रडवेला होऊन. "आये, आता काय करू?" मी म्हटलं, "गप ऱ्हा. चुकून का होईना, शाबासकी मिळाली ना?" तेव्हापासून धाकलूअण्णा ती गोष्ट सांगतात आणि दर वेळी मला हसू आवरत नाही. त्या दिवशी मी पदर लावला तो हसण्यासाठी, माझे आई. तुला रडू आलं ते वाचून मला कसंतरीच झालं.

मग बाबा पास कसे झाले विचारशील. झोपून उठायचे ते ताजे टवटवीत. म्हशी सोडायला जाताना मोठमोठ्याने धडे म्हणायचे, म्हशींना पण पाठ झाले असतील. आदल्या संध्याकाळी अडलेलं गणित सकाळी म्हशीच्या ओल्या पाठीवर बोटाने सोडवायचे आणि तिथूनच ओरडायचे, "आये, सुटलं!" रात्रीत कोण येऊन सोडवून जायचं ते मला माहीत नव्हतं. आता तुझ्या छाया मॅडमचं वाचून कळलं, की हेच ते. शिकलेली बाई आहे ती, नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. तिचं ऐक.

मला कळतं ते पोपटीचं. लडकूच्या मडक्यात काय कमी होतं? शेंगा होत्या, पाला होता, विस्तव होता. तोंड बंद ठेवायचा धीर तेवढा नव्हता. तू दिवसभर डोक्यात भरतेस आणि रात्रभर उघडून उघडून बघतेस. शिजणार कधी?

परीक्षेला बसायचं की नाही, ते मी सांगणार नाही. पण नाही बसायचं हे तू जागलेल्या डोक्याने ठरवलंस. आधी झोप. चार-आठ दिवस पोटभर झोप. मग परत ठरव. तेव्हा जे ठरवशील ते मला कबूल.

हे पत्र बाबांना दाखवलंस तरी चालेल. रागावले तर म्हणावं, डुकरं गेली का विचारलंय आजीने.

आजी


खालापूर,
१२ जानेवारी

ती. आईस,

आरोहीने तुझं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि आत जाऊन बसली. मी वाचलं. आधी राग आला, की आये, एवढ्या वर्षांनी माझी अब्रू घालवलीस. मग संध्याने पत्र घेतलं. डुकरांपर्यंत आली आणि तिने भाजीचं पातेलं खाली ठेवलं, हातातून सांडेल म्हणून. ती अजून हसते. कचेरीत निघालो की दारातून विचारते, "गेली का डुकरं?"

आये, मी खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. सगळे म्हणायचे, मी हूं म्हणायचो. मग मीच सांगायला लागलो. इतक्यांदा सांगितलं की मला खरंच आठवायला लागलं, मी वर बसून वाचतोय, थंडी वाजतेय. तुझं पत्र वाचलं आणि त्या जागी घोंगडीची ऊब आठवली. इतकी चांगली झोप मला पुन्हा कधी लागली नाही बघ.

तिने मार्क दाखवले.  कंदील काढून पलंगाखाली ठेवला आणि तिला म्हटलं, "जा, झोप." ती म्हणाली, "बाबा, अजून नऊच वाजलेत." म्हटलं, तरी झोप. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ती जेवणाच्या वेळेला उठली. संध्या तीनदा जाऊन श्वास चालू आहे ना बघून आली.

परीक्षेचं तिने अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. विचारावंसं फार वाटतं, पण विचारत नाही. संक्रांतीला तिला आणि रियाला तुझ्याकडे सोडतो.

तू लिहायला शिकलीस ते फार बरं झालं, आये. माझ्याच्याने हे सांगणं झालं नसतं.

तुझा सहदेव


खालापूर,
१७ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आज केमिस्ट्रीचा पेपर झाला. मी बसले!

तुला पहिल्यापासून सांगते. संक्रांतीला तुझ्याकडे मी आणि रिया पुस्तकांची पिशवी घेऊन आलो आणि तीन दिवस पहिल्यांदा नुसत्या झोपलोच, ते तू बघितलंस. चौथ्या दिवशी ओसरीवर रिया मला प्रश्न विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. एकदम लक्षात आलं, मी वाक्याच्या शेवटी पोचल्यावर मला सुरुवात आठवतेय. मी रियाकडे बघून रडायलाच लागले. चिंधीआजी म्हणाल्या, "चुकलं काय गं?" मी म्हटलं, नाही, बरोबर आलं. त्यांना वाटलं ही पोर वेडी झाली. तिथेच ठरवलं, बसायचं. तुला सांगितलं नाही, कारण पेपर झाल्यावर सांगायचं होतं.

आता मी दहाला पुस्तक मिटते. सोपं नाही, आजी. पहिले काही दिवस सगळी मुलं पुढे निघून चाललीत असं वाटायचं. रियाच्या नोट्स जास्त झाल्यात, अमकीच्या तीन वेळा वाचून झाल्यात. मग मी मडकं आठवते. पालथं, गच्च. आणि झोपते.

पेपर फार सोपा नव्हता. एक प्रश्न मला आलाच नाही, तो सोडला. पण जे येत होतं ते लिहिलं, सगळं, एकदाच. बाहेर आले तर बाबा झाडाखालच्या बाकावर बसल्या बसल्या झोपलेले. मी हळूच पाय ओढला. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "गेली का डुकरं?"

गेली, म्हटलं.

बायोलॉजीला मध्ये बरेच दिवस आहेत. रविवारी आम्ही सगळे येतोय. वालाच्या शेंगा उरल्यात का?

आजी, तू होतीस म्हणून. बाकी भेटल्यावर.

तुझी आरोही


कशेळे,
रविवार, तुम्ही गेलात तीच संध्याकाळ

टेंपोतून सगळ्यांच्या आधी उतरला तो कंदील! मी दारात हात जोडून उभी, म्हटलं नात उतरेल, सून उतरेल, तर सहदेवचा हात पुढे आणि हातात तो लख्ख घासलेला कंदील. त्याच्या मागून तू, मग रिया, मग संध्या. धाकलूअण्णा ओट्यावरूनच ओरडले, "आरं, ह्याच्याच उजेडात शिकलास ना रं?" आणि सहदेव काय म्हणाला ते तू ऐकलंस, पण मला परत लिहायचंय. म्हणाला, "नाय अण्णा. ह्याच्या उजेडात डुकरांनी वाल खाल्ला. मी झोपलेलो." अण्णांनी ओट्यावरून उतरून कंदील उलटापालटा करून बघितला! मग म्हणतात, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं मेल्याला! जन्मभर तर उलटं सांगत आला.

तुम्ही जाऊन फार वेळ झाला नाही. अंगणात राख अजून ऊन आहे, चिंधी पाय पसरून शेकत बसलीये. तिला सांगितलं मी नातीला पत्र लिहिते, तर म्हणते, "अगं, आत्ता तर गेली! अजून कर्जत पण नसंल आलं." म्हटलं, असू दे. तोंडावर सांगता येत नाही ते कागदावर येतं.

तर सांगते. तू पाणी शिंपडलंस मडक्यावर, चर्र झालं आणि क्षणात सुकलं, तेव्हा लडकू म्हणाला, "झाली, झाली, काढा." तू म्हणालीस, "लडकूकाका, अजून थोडं." लडकूने काठी खाली ठेवली. विस्तवाचा उजेड तुझ्या तोंडावर होता, आणि डोळ्यांखालचं ते काळं, संक्रांतीला बघून माझं काळीज हललं होतं, ते कुठे दिसेना. शेंगा कशा लोण्यासारख्या झाल्या गं. लडकूनेच सगळ्यात जास्त खाल्ल्या.

निकाल काय लागायचा तो लागेल. मी रोज हात जोडते आणि एकेकाचं नाव घेते. छाया मॅडमचं घेते, खरं ते वेळेवर सांगितलं म्हणून. अक्षरं शिकवलेल्या बाईंचं घेते. मनोजचं घेते, हॉर्न वाजवला म्हणून. चिंधीचं घेते, शेंगा तू दोनदा खाल्ल्यास हे तिच्याच ध्यानात आलं म्हणून, मी तर कौतुकाने वाचत सुटले होते. सहदेवचं घेते, चारचौघांत खरं बोलला म्हणून. आणि तुझं, मला खरं लिहिलंस म्हणून. देव म्हणत असेल, ही म्हातारी मागत काही नाही, नुसती नावंच घेत बसते.

कंदील लडकूने माळ्याच्या खांबाला टांगलाय. उरलेला वाल अजून शेतात आहे आणि डुकरं उतरायला लागलीत. इथून दिसतो बघ मला उजेड. माळ्यावर कोणी नाही. तो आपला जळतोय एकटा.

तू आता पुस्तक मिट. मीही कागद मिटते, डोळे जड झालेत.

कॅलेंडरवर मी कोळशाने खूण केलीये. पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जीपने, तू आणि रिया. परत येतो म्हणालात.